निळ्या काठाचं ताट

आधीच सांगतो, मी भुताखेताला मानणारा माणूस नाही. देवाला हात जोडायचो तोही बायको बाजूला उभी असायची म्हणून. मुलुंडच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढली. वस्तू मापून बघितल्याशिवाय खरी धरायची नाही, ही सवय हाताला लागलेली. गावाला कोणी बोललं की त्या पिंपळावर अमुक आहे, तर मी मुद्दाम त्याच पिंपळाखाली लघवीला जायचो. शिक्षण सातवी, तीही नापास. हे सगळं वहीत हाताने लिहिलंय. माझी मुलगी कल्पना घाटकोपरला असते, ती मोबाईलवर टाईप करून तुमच्या या ग्रुपवर टाकणार आहे. तिला सांगितलंय, शुद्धलेखन सुधार, पण माझे शब्द बदलायचे नाहीत.

तुमच्या इथले अनुभव तिने मला वाचून दाखवले. बऱ्याच जणांना पांढऱ्या साडीतली बाई दिसते. मला कोणी दिसलं नाही... माझं दुखणं तेच आहे.

माझी बायको सुमती. सकाळी दूध तापवताना खाली बसली ती बसलीच. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी तेव्हा दाढी करत होतो.

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्यात जुनी रीत — नवरा आधी जेवणार, मग बायको त्याच्याच ताटात वाढून घेणार. माझ्या आईने तेच केलं, सुमतीनेही तेच केलं. मी जेवून उठलो की ती माझं ताट पुढे ओढायची, वर भात वाढायची आणि बसायची. ती गेल्यावर मी काय करायचो, तर जेवून झालं की ताट धुवायचं नाही. थोडा भात, थोडं कालवण, माशाची एक तुकडी त्यात ठेवायची आणि ताट ओट्याखाली सरकवायचं, तिच्या जागेवर. रोज. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही, पण या ताटावर होता. म्हटलं, जन्मभर ज्या ताटात जेवली ते ताट तिला ओळखता येणार नाही?

कल्पना आली की ओरडायची. "बाबा, घरभर झुरळं झालीत! किती दिवस चालणार हे?"

मी म्हणायचो, "तुझ्या घरात झालीत काय? मग गप."

आठ महिने ताट ठेवलं. शीत हललं नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती जायच्या दोन वर्षं आधी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची एक सहल गेली होती. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडली की पलीकडे गोराई. आहे मुंबईतच, पण वाटत नाही. तिथे एक गेस्ट हाऊस. एक रात्र राहायचं, गावठी जेवायचं, खाडीत उतरायचं, बैलगाडीत बसायचं. लग्न झाल्यापासून सुमती माझ्याशिवाय अशी कुठे गेली असेल तर ही एकदाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली तर तोंड उन्हाने काळं झालेलं, तळपायाला शिंपल्यांनी कापलेलं, आणि हसत होती. दार उघडल्यापासून हसत होती.

"अहो, तिसऱ्या वेचल्या आमी. चिखलात उतरून. आणि त्या पास्कलान काय कालवण केल्यान..."

"पास्कल कोण?"

"त्याचाच ता गेस्ट हाऊस. स्वतः रांधता. स्वतः वाढता."

पुरुषमाणूस रांधतो आणि वाढतो, आणि माझी बायको ते दोन-दोनदा सांगते! मी त्या रात्री जेवलो नाही. तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. नंतरही मच्छी कितीही चांगली झाली तरी माझ्या डोक्यात यायचं, त्या पास्कलची हिला जास्त आवडली असणार. ती अधूनमधून म्हणायची, "एकदा येवा हो थंय तुमी. पायाक चिखल लागलो की बरा वाटता." मी म्हणायचो, लहानपणी पोटासाठी चिखल तुडवला, आता पैसे देऊन तुडवू?  तो विषय तिथेच बंद पडायचा.

तर ती गेल्यावर आठ महिन्यांनी, एका गुरुवारी, तिचा फोन वाजला. तिचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. बघतो तर नाव आलं — पास्कल गोराई.

बायकोच्या फोनवर परक्या पुरुषाचं नाव. ती जाऊन आठ महिने झालेले. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

मी उचलला. काही बोलायच्या आत तिकडून सुरू — "बाय, नमस्कार. माझं डोकं म्हणजे ना... काल तुम्ही बोलल्या ते विसरलो. शिवल्यांच्यात आंबोशी टाकायची ती भिजवून टाकायची, का तशीच?"

शिवल्या म्हणजे आमच्या तिसऱ्या, खाडीच्या चिखलातले खायचे शिंपले. आणि आंबोशी म्हणजे कैरीच्या सुकवलेल्या फोडी. लोक तिसऱ्यांत कोकम घालतात. आंबोशी घालायची ही सुमतीच्या माहेरची तऱ्हा. माझ्या आईने किती वेळा विचारलं, पण सुमतीने तिला सुद्धा सांगितलं नाही. म्हणायची, कैरी आहे का आंबाडा आहे ओळखा बघू.

मी म्हटलं, "मी तिचा नवरा बोलतोय. सुमती वारली."

 मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"कवा?"

"आठ महिने झाले."

"अंकल, असं नका बोलू. बाय काल आल्या होत्या."

मी त्याला शिव्या घातल्या. इथे लिहीत नाही, कल्पना टाईप करणार आहे. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या. मग हळू आवाजात बोलला, "अंकल, मी दारू सोडून सहा वर्षं झाली. देवाची शप्पत घेऊन सांगतो. ज्या बुधवारी दुपारची सुकती असते ना, त्या बुधवारी येतात बाय. काल पण आल्या, जेवल्या, गेल्या. तुम्ही स्वतः येऊन बघा."

सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी. ती रोज पुढे सरकते, त्यामुळे दुपारच्या वेळेला एक बुधवार सोडून एक बुधवार पडते. म्हणजे मला पंधरा दिवस थांबायचं होतं.

ते पंधरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भीती नव्हती हो. लोक म्हणतात अंगावर काटा आला वगैरे... माझ्या अंगाची आग होत होती. म्हटलं, समजा हा माणूस खोटं बोलतोय, तर त्याला आंबोशी कशी कळली? दोन वर्षांपूर्वी हिने त्याला सांगितली असणार. माझ्या आईला नाही सांगितली, ती एका दिवसाच्या ओळखीवर याला! आणि समजा खरं बोलतोय... तर मग जास्तच वाईट. आठ महिने मी इथे ताट घेऊन बसलोय, आणि ही खाडी ओलांडून तिकडे जेवायला जाते?

बुधवारी सकाळी निघालो. कल्पनाला सांगितलं नाही. मुलुंडहून बस बदलत बदलत बोरिवली, तिथून रिक्षाने जेट्टी, मग बोट. पलीकडे उतरल्यावर पुन्हा रिक्षा. शेवटची गल्ली चालत जायची होती. दोन्ही बाजूला नारळ, मधे वाळत घातलेली जाळी, कोणाच्या तरी दारात क्रूस, पुढे एक भाजीचा मळा. मग एक निळा बोर्ड. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं — घरगुती जेवण, बैलगाडी, सायकल, गळ टाकून मासेमारी, शिवल्या वेचणे. हे सगळं आम्ही गावाला करायचो तेव्हा त्याला दरिद्रीपणा म्हणायचे. आता बोर्ड लावतात.

पास्कल बाहेर आला. मी मनात कोण उंच, देखणा असेल असं धरलेलं. तर हा बुटका, टकला, पोट सुटलेला, अंगात बनियन, खांद्यावर फडका. वय पंचावन्नच्या आसपास. मला जरा बरं वाटलं.

"अंकल, या. बसा. पाणी देऊ का ताडगोळे?"

"काही नको. कुठे बसते ती?"

तो मला घराच्या मागे घेऊन गेला. मागे अंगण, त्याच्या कडेला मातीने सारवलेला ओटा, वर भेंडीच्या जुन्या, डेरेदार झाडाची सावली. ओट्यासमोर थेट खाडी. पाणी मागे हटत होतं, चिखल उघडा पडत होता. गेस्ट हाऊसमध्ये दुसरं कोणी नव्हतं. शनिवार-रविवारीच गर्दी असते म्हणाला.

"इथे बसतात. आधी खाडीत उतरतात, साडी खोचून. ओंजळभर शिवल्या आणून माझ्या सुपात टाकतात. मी रांधतो. त्या ओट्यावर बसून बघतात आणि चुका काढतात." तो हसला. "लई चुका काढतात बाय."

"बाय काय बाय? नाव आहे तिला."

"आमच्यात बाईमाणसाला मानाने बाय म्हणतात, अंकल. आईला पण बायच बोलायचो मी."

"पैसे देते?"

"मी कशाला घेईन? मला शिकवतात. मला वाटलं गावात कोणाकडे येत असतील... मी कधी विचारलं नाय. जेवण झालं की मी आत ताट ठेवायला जातो, परत येतो तर निघून गेलेल्या."

मग मी ते विचारलं, जे विचारायला मुलुंडहून इथवर आलो होतो.

"माझ्याबद्दल काय बोलते?"

पास्कलने खांद्यावरचा फडका काढला, हात पुसले, परत ठेवला. "अंकल... तुमचा विषय नाय काढत त्या."

"एकदा पण नाही?"

"नाय."

खोटं बोलला असता तर चाललं असतं. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता. मला त्याचा आणखीच राग आला.

सुकती पूर्ण झाली तसा तो म्हणाला, "चला, शिवल्या काढू. बाय येतील न येतील, जेवण तर करायलाच पाहिजे." मी नाही म्हणणार होतो. मग वाटलं, ही कशाला एवढी खुळावली ते बघू तरी. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला ओट्यापाशी ठेवल्या आणि उतरलो. पहिल्याच पावलाला चिखल घोट्यापर्यंत आला. थंडगार. मी पास्कलला न विचारता वाकलो. बारीक भोक दिसलं की तिथे बोटं घालायची, आणि खालून उचलायची — साठ वर्षांनी हाताला ते आठवलं. पहिली तिसरी हाताला लागली, मोठी, रेघारेघांची. मी एकटाच हसलो.

हसलो आणि तिथल्या तिथे मला रडू आलं. ती म्हणायची ते बरोबर होतं. पायाला चिखल लागला की बरं वाटतं. एवढंच तर म्हणत होती बाई.

पास्कल लांब होता. त्याने बघितलं असेल तर बोलला नाही.

अर्धं सूप भरलं. त्याने तिसऱ्या दोन-तीनदा धुतल्या, विळीवर एकेक उघडली. आमच्याकडे याला एकशिपी म्हणतात — एक शिंपला टाकायचा, मांस दुसऱ्या शिंपल्याला तसंच ठेवायचं. आतलं पाणी फडक्याने गाळून ठेवायचं. हे सगळं तो सुमतीसारखं करत होता. खोबरं भाजताना कालथा कढईच्या कडेने फिरवायचा, मधून नाही... ते पण तिचंच. आंबोशी टाकायच्या वेळी माझ्याकडे बघितलं.

"भिजवून का तशीच?"

मला माहीत नव्हतं. सेहेचाळीस वर्षं खाल्लं आणि मला माहीत नव्हतं! मी म्हटलं, "तुझी बाय येईल तर तिलाच विचार."

त्याने तशीच टाकली.

मग त्याने फळीवरून एक ताट काढलं. जुनं, इनॅमलचं, पांढरं, निळ्या काठाचं. एका जागी कपची उडालेली. ते धुतलं, पुसलं, त्यात तिसऱ्या वाढल्या — मोठ्या मोठ्या वेचून. तांदळाची भाकरी ठेवली. ताट नेऊन ओट्याच्या त्या टोकाला ठेवलं. मग दुसऱ्या ताटात माझं वाढायला लागला.

"थांब," मी म्हटलं. "आधी मला वाढ. आमच्या घरात आधी मी जेवतो."

"घरात असेल, अंकल. इथे आधी बाय."

"ती कोणाची बायको आहे?"

"तुमचीच. पण इथे पाहुणी हाय ना. आल्या तेव्हा पहिल्या दिवसापासून आधी त्यांनाच वाढतो. पहिल्या वेळी, त्या सहलीला, मी ताट हातात दिलं तर मलाच विचारतात — हे कोणाचं? म्हटलं, बाय, तुमचंच. तर म्हणाल्या, कोणी जेवलेलं नाही यात? मला कळलंच नाय काय विचारतात ते."

 त्याला कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

पास्कल माझं ताट माझ्यापुढे ठेवून आणखी भाकरी थापून आणायला आत गेला. मी ओट्याच्या या टोकाला, निळं ताट त्या टोकाला. मधे चार-पाच हात अंतर. मी ठरवलं होतं, नजर हलवायची नाही. लेथवर काम करताना जशी बसवायचो तशी नजर बसवली. दुपारचं लख्ख ऊन. समोर खाडी, चिखलात दोन बगळे. अंगणात एक तांबडी कोंबडी. दुसरा माणूस नाही, कुत्रं नाही, मांजर नाही.

भूक लागली होती. ताटातली एक तिसरी उचलली, नजर तिकडेच ठेवून तोंडाला लावली.

तीच चव. तिचीच. आठ महिने ज्या चवीसाठी मी घरातले सगळे डबे हुंगत होतो, ती चव. माझे डोळे मिटले. किती वेळ? एक शिंपला चोखायला लागतो तेवढा वेळ. त्यापेक्षा जास्त नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगीन.

उघडले तर निळं ताट रिकामं.

रिकामं म्हणजे सांडलेलं नाही, विस्कटलेलं नाही. भाकरी नाही. रस बोटाने पुसून घेतलेला. आणि शिंपल्या एकात एक घालून, वाट्या रचतात तशा, काठाला लावून ठेवलेल्या. सुमती तशाच रचायची. मी माझ्या शिंपल्या ताटभर टाकून उठायचो, ती माझ्या ताटात बसायची आणि जेवायच्या आधी माझ्या शिंपल्या एकात एक घालायची, आणि जेवल्यावर तिच्या. मी म्हणायचो, कशाला तो उद्योग, टाकायच्याच आहेत ना? ती म्हणायची, जागा होते हो.

ओट्यावर ताटाच्या मागे सारवण ओलं झालं होतं. ओल्या साडीने कोणी बसून उठावं तेवढंच.

ताटात एक तिसरी शिल्लक होती. मोठी. मांसासकट. बाजूला ठेवलेली.

पास्कल भाकरी घेऊन आला. त्याने ताट बघितलं, मला बघितलं आणि छातीवर क्रूस केला. आणि मला काय वाईट वाटलं माहीत आहे? तो घाबरला नाही. त्याचं तोंड पडलं होतं.

"आज बोलल्या पण नाय," तो म्हणाला.

"ही एक का ठेवली?"

"नेहमी ठेवतात एक. कोणासाठी ते काय बोलत नाय. मी कोंबडीला टाकतो."

"कोंबडीला?"

मी उठेपर्यंत ती तांबडी कोंबडी ओट्यावर चढली, चोच मारली आणि मांस घेऊन अंगणात पळाली. मी बघत बसलो. बहात्तर वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या अंगणात, कोंबडीवर जळत होता.

घरी आलो. त्या रात्री ओट्याखालचं ताट काढलं आणि घासलं. आठ महिने तिच्यापुढे काय ठेवत होतो मी? माझं उष्टं. मला वाटत होतं, तेच तिचं ताट.

माळ्यावर एक पेटी आहे. लग्नात तिच्या आईने दिलेली भांडी त्यात. पाहुण्यांसाठी म्हणून कधी काढलीच नाहीत. त्यात एक ताट निघालं, स्टीलचं, काठाला नाव कोरलेलं — चि. सौ. कां. सुमती. तिच्या नावाचं ताट माझ्या डोक्यावर माळ्यावर पडून होतं, आणि ती खाली माझ्या ताटात जेवत होती.

पुढच्या बुधवारी बाजारात गेलो. कोळीण म्हणाली, "काका, उघडून देऊ काय?" म्हटलं नको, मी उघडीन. अंगठा कापला. खोबरं करपलं. आंबोशी तिच्या बरणीत तळाला दोन फोडी होत्या, एक टाकली. तिच्या ताटात आधी वाढलं, मोठ्या मोठ्या तिसऱ्या वेचून. तिच्या जागेवर ठेवलं. मी समोर बसलो, रिकाम्या हाताने, ती माझ्यासमोर बसायची तसा. डोळे मिटून घेतले. उघडले. परत मिटले. लहान पोरासारखं दहा वेळा केलं.

काही नाही. रसावर साय धरली.

मग मी तेच ताट पुढे ओढलं, वर भात वाढून घेतला आणि तिच्या ताटात जेवलो. मीठ जास्त झालं होतं.

तेव्हापासून दर बुधवारी हेच करतो. आधी तिला, मग तिच्या ताटात मी. शिंपल्या मीच एकात एक घालतो. खरंच जागा होते.

कल्पनाला मग सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला डुलकी लागली असेल. त्या पास्कलनेच उचललं असेल ताटातलं." मी म्हटलं, आणि शिंपल्या? त्याला ते रचणं माहीत आहे, मान्य. पण तो आत होता, त्याचा भाकरी थापायचा आवाज मला ऐकू येत होता. आणि एवढं सगळं तो करेल कशासाठी? ती थोड्या वेळाने म्हणाली, "मला पण दाखवा ना बाबा ती जागा." नेईन तिला.

मागच्या आठवड्यात पास्कलचा फोन आला. या वेळी माझ्या नंबरवर.

"अंकल, तीन सुकत्या झाल्या. बाय आल्याच नाय. ताट तसंच राहतं, कोंबड्या खातात. माझं काय चुकलं काय?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटात गुदगुल्या झाल्या. त्याचा आवाज अगदी माझ्या आठ महिन्यांसारखा होता.

"आंबोशी मी भिजवायला पाहिजे होती काय?" तो विचारत होता. "अंकल... तुमच्याकडे येतात काय?"

इथे मी जे केलं ते कल्पनाला आवडलेलं नाही, पण मी तिला म्हटलं, वहीत आहे ते तसंच टाईप कर.

मी म्हटलं, "हो. येते. दर बुधवारी."

तो मग म्हणाला, "बरं झालं. घरच्या माणसाकडेच पाहिजे." आणि फोन ठेवला.

माणूस चांगला आहे. मी त्याच्याशी खोटं बोललो. माझ्याकडे ती आलेली नाही. एक शिंपला हललेला नाही, फरशी ओली झालेली नाही. मी मोठी तिसरी बाजूला काढून ठेवतो, ती सकाळी तिथेच असते.

मला काही कळत नाही. त्या दिवशी ओट्यावर मी जे बघितलं ते बघितलं. तुमच्यात कोणाला यातलं माहीत असेल तर सांगा, पण मंत्रतंत्र सांगू नका. मला एवढंच विचारायचंय. तिकडे जात नाही, इकडे येत नाही... मग बुधवारी दुपारी माझी बायको जेवते कोणाकडे?